आमच्या प्रतीतला शेवट

वारजे, ११ जानेवारी

श्रीमती तनुजाबाई यांस,

साष्टांग नमस्काराला माझे गुडघे तयार नाहीत, तेव्हा नुसता नमस्कार.

पत्र बघून दचकू नये. कोणी गेलेलं नाही. मी ठणठणीत आहे आणि सोसायटीतल्या पुष्कळ लोकांना त्याचं वाईट वाटतं. फोन का केला नाही, असं तुला वाटेल. सगळी नोकरी मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे ट्रंक कॉल जोडण्यात घालवली. फोनवर माणसं काय बोलतात ते मला पाठ आहे. ‘बरं’, ‘ठीक’, ‘ठेवते’. तेवढ्यासाठी मी आवाज खर्च करणार नाही.

कळवायचं ते एवढंच की ‘धाकटं पाणी’वर सिनेमा निघालाय. होय, आपल्याच पुस्तकावर. पेपरात दोन ओळींत कथासारही दिलंय: ‘दोन मैत्रिणींच्या नात्याचा हळवा प्रवास’. हळवा म्हणे! इंदू नदीच्या अलीकडे, मथू पलीकडे, मध्ये नदीचा तो लहान फाटा आणि एक होडी. भांडतात, अबोला धरतात, एकमेकींच्या घरचं लोणचं नावं ठेवत ठेवत संपवतात. यात हळवं काय आहे? हे लिहिणाऱ्याने पुस्तक वाचलेलं नाही, हे मी छातीठोक सांगते. आपण ते कसं वाचलंय, ते तुला माहीत आहे.

परवा माझी प्रत काढून बसले होते. बोर्डिंगच्या अख्ख्या वर्गात एकच पुस्तक, आणि सिस्टर अगाथाच्या राज्यात मराठी बोललं तरी दंड. मग त्याची शिवण उसवून सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे केले, आणि मॉरल सायन्सच्या पुस्तकात एकेक घालून सगळ्या मुली वाचायच्या. खालून कागद बाहेर डोकावतो म्हणून तू कात्रीने तळाची पट्टीच कापून टाकलीस. पानांचे आकडेही गेले त्यात. प्रत्येकीच्या हाती मिळेल तो फर्मा. कोणाला मथूचं लग्न आधी कळलं, कोणाला तिचा जन्म. बहुतेकींचं वाचून झाल्यावर तू शिवणाच्या तासाला, टेबलक्लॉथखाली लपवून, ते पुन्हा शिवलंस. आणि आप्पासाहेब बापाच्या हक्काने मला बोर्डिंगमधून काढून घरी न्यायला आले, तेव्हा फाटकाशी माझ्या हातात कोंबलंस. मी ते सलग वाचलं ते वारज्याला आल्यावर. ती शिवण अजून टिकली आहे. तुझं भरतकाम भिकार होतं, पण टाका पक्का.

सिनेमा मल्टिप्लेक्सवाल्यांनी आठवडाभरात उतरवला. आता फक्त हडपसरच्या मंडईमागे ‘रत्नदीप’ला दुपारचा एक खेळ आहे. मी काल स्वारगेटला बस बदलून तिथे गेले. थिएटरात मी एकटी. तिथले मॅनेजर यज्ञेश्वर, स्वतःच तिकिटं फाडतात, स्वतःच टॉर्च दाखवतात. म्हणाले, “बाई, पाच माणसं झाल्याशिवाय मशीन सुरू करत नाही आम्ही.”

मी म्हटलं, “मी पाच जणांच्या वाटचं लक्ष देऊन बघेन.”

“ते बरोबर हाय, पण मालकांना लक्ष दाखवता येत नाही, तिकिटं दाखवावी लागतात.”

वाद घालण्याजोगा माणूस आहे. त्याने चहा पाजला आणि मला परत पाठवलं.

हे निमंत्रण नव्हे. हडपसर तुझ्या मांजरी गावापासून हाकेच्या अंतरावर आहे, एवढी फक्त भूगोलाची माहिती देते. तू शेजारच्या फ्लॅटला कुलूप लावून मुलाच्या बंगल्यात राहायला गेलीस, त्याला तिसरा दसरा होऊन गेला. मला ते वॉचमनने सांगितलं. “शेजारच्या आजी गेल्या की, तुम्हाला माहीत नाही?” असं. तेव्हापासून लोक अमेरिकेतल्या नातवंडांशी रोज बोलतात आणि आपल्याला मात्र मांजरी परदेश झाली आहे. बाकी आमच्या वारज्यावरून जाणारी मुठा पुढे तुमच्याच मांजरीला येते. वाटेत तिच्यात काय काय मिसळतं, ते मी लिहीत नाही.

कळावे. यापुढे ‘लोभ असावा’ असे दोन शब्द लिहायची रीत आहे. मी ते लिहिणार नाही.

कु. प्रेमला


वारजे, १८ जानेवारी

तनुजाबाई,

तुझ्या सूनबाईंचा फोन आला. “काकू, मी चैताली बोलतेय. ॲक्च्युअली आईंना तुमचं लेटर मिळालं. त्यांनी दोनदा वाचलं. मग उशीखाली ठेवलं.”

मी विचारलं, “काही म्हणाली?”

“नाही ना. फक्त एकदा हसल्या. कुठल्या तरी टेबलक्लॉथवर.”

म्हणजे चष्म्याचा नंबर ठीक आहे, हे कळलं. चैताली बरी वाटली. इतके दिवस मी तिला तुला पळवून नेणारी समजत होते. आवाजावरून कोणाला पळवेल अशी वाटत नाही. शेवटी तिने विचारलं, “काकू, तुमचं दोघींचं नक्की काय झालंय?” मी म्हटलं, तुझ्या सासूला विचार. ती म्हणाली, “त्या म्हणतात, काकूंना विचार.” त्यानंतर आम्ही दोघींनी फोन ठेवला.

सिनेमा पाहिला. पाच माणसांची अट मी अशी पुरी केली, की सोसायटीच्या भजनी मंडळातल्या चौघींना ‘नदीवरचं भक्तिपर चित्र आहे’ असं सांगून नेलं. होडी आणि नावाडी दोन्ही आहेत, तेव्हा फार खोटं बोलले असं मी मानत नाही. मध्यंतरापर्यंत त्या देवाची वाट बघत होत्या. मग वडे आले आणि देवाचा विषय मिटला.

आता खरं सांगते. मी छत्री हातात धरून बसले होते, पडद्याच्या दिशेने उगारायला. पण पहिल्याच दृश्यात पहाटेचं ते पाणी आलं, वल्ह्याचा आवाज, आणि इंदूच्या परसातलं पेरूचं झाड. अगदी तेच, तनुजा. डावीकडे वाकलेलं. पुस्तकात कुठेही डावीकडे असं लिहिलेलं नाही, पण माझ्या मनात ते नेहमी डावीकडे होतं. त्यांना कसं कळलं? मथू झालेली मुलगी काळी, दातांत फट असलेली, हसते तेव्हा सगळा चेहरा मोडून हसते. मी छत्री खाली ठेवली. थिएटरातले पंखे घरघर करत होते, मागच्या रांगेत एक गृहस्थ घोरत होते, माझ्या खुर्चीची स्प्रिंग टोचत होती, आणि मला कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. हे कोणाला सांगू नकोस.

आणि मग त्या गाढवांनी शेवट बदलला.

तुला आठवतंच, तरी लिहिते, कारण लिहिल्याशिवाय राग निघणार नाही. आपल्या पुस्तकात मथूच्या नवऱ्याची बदली होते, ती ट्रंक घेऊन होडीत बसते, इंदू काठावर उभी. दोघी शब्दाने बोलत नाहीत. होडी जाते. त्या पानाशी मी दरवेळी रडते. आणि मग, पान उलटलं की थंडीचे दिवस, पेरू पिकलेत, दारावर थाप. इंदू दार उघडते तर मथू.

“उशीर झाला का गं?”

“छे. आत्ताच तर पिकलेत.”

संपलं. पुढे ‘समाप्त’सुद्धा नाही. मी कॉलेजात यावर निबंध लिहिला होता, की थोर लेखिका ‘समाप्त’ असं लिहीत नाहीत, कारण मैत्री समाप्त होत नाही. पहिला नंबर आला होता.

या लोकांनी काय केलंय? पेरूंचा प्रसंग आधी घेतलाय. मथू येते, थाप, “उशीर झाला का गं?” सगळं जसंच्या तसं. भजनी मंडळही गप्प झालं. मी उठायच्या बेतात होते. तर सिनेमा संपेना! त्यानंतर बदली, ट्रंक, होडी. होडी जाते आणि नुसतं पाणी राहतं. किती तरी वेळ नुसतं पाणी. मग दिवे लागले. मला पदराने डोळे पुसावे लागले ते वेगळंच, पण छत्री मी पुन्हा हातात घेतली होती.

बाहेर यज्ञेश्वर भेटले. म्हटलं, “यांनी शेवट उलटा लावलाय. तुमच्या मशीनची चूक तर नाही?”

“मशीन कॉम्प्युटरवर चालतंय बाई. उलटं लावायला रिळं कुठं राहिली आता?”

म्हणजे मुद्दाम केलंय. परदेशातल्या बक्षिसासाठी करतात हे. तिकडे सुखी माणसांना बक्षीस देत नाहीत. मी दिग्दर्शकाला पत्र लिहिणार आहे, पुराव्यासकट. माझ्या प्रतीला पानांचे आकडे नाहीत, म्हणून सोमवारी ग्रंथालयात जाऊन मूळ आवृत्ती काढते आणि शेवटच्या पानांच्या झेरॉक्स पत्राला जोडते. म्हणावं, बघा.

कळावे. ते दोन शब्द याही वेळी नाहीत.

प्रेमला


वारजे, २२ जानेवारी

तनुजा,

दिग्दर्शकाला पत्र लिहिलेलं नाही. लिहिणार नाही.

ग्रंथालयात पहिली आवृत्ती मिळाली. टेबलाशी बसले, चष्मा पुसला, लाल पेन्सिल काढली. शेवटचं पान उघडलं. होडी. एकही अक्षर न बदललेली तीच होडी, तोच काठ, आणि खाली, मधोमध, ‘समाप्त’.

मागे पानं उलटली. पेरू त्याच्या आधी होते. सिनेमावाल्यांनी काहीही बदललेलं नाही. लेखिकाबाईंनी पुस्तक असंच लिहिलंय. मथू येते, थंडीभर राहते, आणि मग कायमची जाते. एवढी वर्षं मी जे पुस्तक उशाशी घेऊन झोपले, ते कोणी लिहिलेलंच नाही.

टेबलापलीकडच्या मुलीने विचारलं, “आजी, पाणी आणू?” मी म्हटलं, “पाणीच तर पाहतेय.” तिला कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं.

घरी येऊन माझी प्रत उघडली. शेवटचे दोन फर्मे उलटसुलट शिवलेत. आधी वाटलं, चूक झाली असेल. आकडे कापलेले, टेबलक्लॉथखाली अंधार, वर सिस्टर अगाथा, आणि तू चौदा वर्षांची. दोन्ही फर्मे नेमके नव्या प्रकरणाने सुरू होतात, आणि बोर्डिंगमध्ये हे दोन माझ्या हाती कधी आलेच नव्हते, म्हणून मलाही कधी शंका आली नाही. मी तुला मनातल्या मनात वेंधळी म्हणून मोकळी होणार होते.

पण होडीच्या पानाच्या तळाशी खाकी कागदाची एक पट्टी चिकटवलेली आहे. तू वह्यांना घालायचीस त्याच कव्हराची. मला कायम वाटायचं की पान तिथे फाटलं असेल, म्हणून ठिगळ लावलंय. आज ते पान खिडकीपाशी उजेडासमोर धरलं. पान कुठेही फाटलेलं नाही, तनुजा. पट्टीखाली ‘समाप्त’ आहे.

चुकून फर्मा उलटा लागतो. चुकून कोणी खळ घेऊन ‘समाप्त’वर पट्टी चिकटवत नाही.

मी पान पुन्हा पुन्हा उजेडासमोर धरलं. दुधवाला बेल वाजवून गेला.

आता तुला माहीत नसलेली गोष्ट सांगते. आप्पासाहेबांना त्या वर्षी वाटलं, की पोरीला कलेक्टरशी बोलण्यापुरतं इंग्रजी आलं, आता घरी आणावी. आपल्या वारज्याच्या मळ्यात मी ते पुस्तक घेऊन बसले आणि वाचून संपवल्यावर आईला सांगितलं, मी परत जाणार. का? तर मथू परत येते. आप्पासाहेब म्हणाले, “कोण मथू? कुठल्या वाड्यातली?” मी जेवण सोडलं. दुसऱ्या दिवशी चोरून भाकरी खाल्ली, पण ते त्यांना कळलं नाही. जूनमध्ये त्यांनी कंटाळून मला बोर्डिंगच्या फाटकाशी आणून सोडलं. तू व्हरांड्यात उभी होतीस. मी काय म्हटलं, आठवतं?

“उशीर झाला का गं?”

आणि तू रडायला लागलीस. मला वाटलं, किती ही हळवी! तुला माहीत होतं की ते वाक्य शेवटचं नाही. मला माहीत नव्हतं. मी पुस्तकाप्रमाणे वागले आणि पुस्तक तू केलेलं होतंस. पुढे शिकले, मन लावून नोकरी केली, आप्पासाहेबांच्या पश्चात त्याच मळ्यावर उभ्या राहिलेल्या या सोसायटीत तुझ्या शेजारी घर घेतलं. चुकीच्या पुस्तकावर आयुष्य एकंदरीत नीट गेलं, असं म्हणायला हरकत नाही.

तरी मी रागावले आहे. का, ते सांगते. निरोपाचं पान शेवटी आलं की तुला सोसत नाही. तेव्हा सोसलं नाही म्हणून तू पुस्तक उसवून बदललंस. आणि मांजरीला जाताना? तेव्हाही निरोप सोसला नाही, म्हणून मी दवाखान्यात गेल्याची वेळ साधून टेम्पो बोलावलास. पुस्तकात निदान पट्टी तरी लावली होतीस. मला वॉचमनवर सोपवलंस.

आणि माझी अडचण अशी, की मी तुझीच प्रत वाचून मोठी झालेली बाई आहे. होडी गेली की पुढच्या पानावर पेरू पिकतात, थाप पडते, असंच मला माहीत. तीन वर्षं मी पान उलटायची वाट बघतेय. तुला लाज वाटायला हवी.

कळावे.

प्रेमला


वारजे, २५ जानेवारी

तनू,

आज तुझ्या लेकाचा, विश्वजीतचा ड्रायव्हर येऊन गुळाची ढेप, काकवीची बाटली आणि पिशवीभर पेरू ठेवून गेला. चिठ्ठी नाही. तुझी जुनी सवय, वस्तूंना बोलायला लावायचं आणि आपण गप्प बसायचं. मी ड्रायव्हरला म्हटलं, “तुमच्या आजींना हात आहेत ना अजून?” तो म्हणाला, “पेरू त्यांनीच निवडले, आजी. दोनदा पिशवी रिकामी करून पुन्हा भरली.”

पेरू उत्तम आहेत. काकवी जरा जास्त आटलीये. ढेपेचा अर्धा भाग भजनी मंडळात वाटला, त्यांच्यावर झालेल्या अन्यायाची भरपाई म्हणून.

पण एवढ्यावर भागणार नाही. ‘रत्नदीप’ला येत्या गुरुवारी सिनेमाचा शेवटचा खेळ आहे. शुक्रवारपासून मारामारीचं काहीतरी लागतंय. मी तिथे असेन. तू यायचं आहेस, आणि या खेपेला तुला शेवटपर्यंत बसवणार आहे. होडी जाईपर्यंत. पाणी नुसतं राहीपर्यंत. दिवे लागेपर्यंत. तू जे पान माझ्यापासून लपवलंस, ते माझ्या शेजारी बसून बघायचं, डोळे मिटायचे नाहीत. मला तुझ्याकडून एक निरोप येणं आहे, तो मी पडद्यावरून वसूल करीन.

नाही आलीस तर मी समजेन की बाईंनी पुस्तक बरोबर लिहिलंय आणि तू चुकीचं शिवलंयस. मग ही प्रत मी उसवून नीट क्रमाने बांधून घेईन आणि पुन्हा पत्र लिहिणार नाही. ही धमकी आहे. धमक्या मी पाळते, हे तुला सिस्टर अगाथाच्या वेळेपासून ठाऊक आहे.

पाच माणसांची अट आहे, हे लक्षात ठेव. भजनी मंडळ पुन्हा येणार नाही म्हणतंय.

कळावे.

पमी


वारजे, ३१ जानेवारी

तने,

काल जे झालं त्याची माझी बाजू लेखी असावी, म्हणून हे पत्र. तुझी बाजू तू लिहिणार नाहीस, हे गृहीत.

मी लवकर पोहोचले. आधी फक्त मी आणि मागच्या रांगेत घोरणारे ते गृहस्थ. ते रोज येतात म्हणे, घरी झोप लागत नाही त्यांना. दोन. मग कॉलेजातलं एक जोडपं आलं, सिनेमाशी काही देणंघेणं नसलेलं. चार. यज्ञेश्वर घड्याळ बघत होते. मी दाराकडे बघत नव्हते. यज्ञेश्वर म्हणाले, “बाई, मान अवघडेल.”

त्यांनी हात वर करून मशीनवाल्याला ‘राहू दे’ म्हणून खूण करायला आणि तू दारात यायला एकच गाठ पडली. तुझी काठी मला माहीत नव्हती. चैताली धरून आणत होती आणि तू तिला “सोड, सोड, मी काय म्हातारी आहे?” म्हणत होतीस. मग मला पाहिलंस आणि ते म्हणालीस. म्हणायला नको होतंस. सगळ्या थिएटरसमोर.

“उशीर झाला का गं?”

मी काय म्हणणार? पेरू तर खाऊन संपवले होते. म्हणून म्हटलं, “हो. झाला. बस.” चैतालीने तोंडावर हात धरला. ती हसत होती की काय, मी पाहिलं नाही, मला नाक शिंकरायचं होतं.

सिनेमाभर तू बडबडलीस. “झाड डावीकडेच आहे की!” म्हणालीस, तेव्हा मात्र मला तुझा हात धरावा लागला. तुझ्याही मनात ते डावीकडेच होतं, हे मला कधी कळलंच नसतं. कॉलेजच्या मुलाने वळून “आजी, प्लीज” म्हटल्यावर तू त्याला म्हणालीस, “बाळा, तुम्ही तुमचं चालू द्या, आम्ही आमचं.” बोर्डिंगमध्ये एवढी हिंमत असती तर दंड तूही भरला असतास.

मग पेरू आले. थाप पडली. इंदूने दार उघडलं. “छे. आत्ताच तर पिकलेत.” आणि मला जाणवलं की तू बडबडायची थांबली आहेस. काठी दोन्ही हातांनी धरून, पाठ ताठ करून, वर्गात शिक्षा भोगायला उभी राहायचीस तशी बसलेली. पळून जात नव्हतीस. डोळे उघडे होते. मी लिहिलं होतं म्हणून. पडद्यावर नवऱ्याच्या बदलीचा कागद आला, ट्रंक निघाली आणि तुझी हनुवटी थरथरायला लागली.

मी तुला शेवटपर्यंत बसवणार होते. धमक्या मी पाळते. पण आपल्याच माणसाला शेजारी बसवून असं बघणं माझ्याने झालं नाही. म्हणून मी म्हटलं, “ऊठ. आपलं पुस्तक संपलं.”

तू म्हणालीस, “पण तू तर...”

“ऊठ म्हटलं ना.”

तुझी काठी, माझे गुडघे, चैतालीची पर्स आणि त्या घोरणाऱ्या गृहस्थांचे पाय, एवढ्यातून बाहेर पडायला जो वेळ लागला, तेवढ्यात होडी जवळजवळ सुटलीच होती. पण आपण मागे वळून पाहिलं नाही. दारात यज्ञेश्वर घाबरले. “अहो बाई, शेवट बाकी आहे! पाचएक मिनिटं तर राहिलीत!”

मी म्हटलं, “तो तुमच्या प्रतीतला. आमच्या प्रतीत इथेच संपतं.”

त्यांनी टॉर्च बंद केला. मग म्हणाले, “मग चहा घ्या.”

त्या चहावर तू जे सांगितलंस तेही लिहून ठेवते, पुढे नाकबूल करशील म्हणून. मी विचारलं, का नाही सांगितलंस जाताना? तू बशीत बघत म्हणालीस, “तुला सांगायला आले असते तर मी गेलेच नसते, पमे. आणि जाणं भाग होतं. विश्वजीत एकटा पडला होता, चैताली बाळंतपणातून उठली नव्हती.”

“मग तेच सांगायचं.”

“सांगणार होते आदल्या दिवशी. तुझ्या दारापर्यंत आले होते. तू आतून रेडिओवरच्या कोणाला तरी शिव्या देत होतीस. मला हसू आलं. मग वाटलं, आत गेले की संपलं.”

एवढंच होतं तर. तीन वर्षांच्या अबोल्याला कारण तरी जरा भारदस्त हवं होतं. मी मनात कितीतरी मोठी मोठी रचून ठेवली होती. ती सगळी वाया गेली. मला ते फार आवडलं.

तू परत वारज्याला राहायला येणार नाहीस, ते मला कळलं. तू बोलण्याच्या आधीच कळलं होतं. चैतालीची पोर तुझ्या मांडीवर बसून मोठी झालीये, ती तुला सोडणार नाही, आणि तू तिला सोडावंस अशी माझीही इच्छा नाही. मी काही राक्षसीण नाही, सोसायटीत काही म्हणोत. रविवारी येते मांजरीला. आमची मुठा येते तिथे, मग मला यायला काय झालं? पोरीला माझं इंग्रजी ऐकवायचं आहे, चैतालीचे उच्चार फार विचित्र आहेत. बस बदलायला लागते, तेव्हा जेवायला उशीर झाला तर थांबायचं. पिठलं कर. काकवी या वेळी कमी आटव.

प्रत मी उसवणार नाही. नीट क्रमाने बांधून घ्यायचीही गरज नाही. मूळ आवृत्ती ग्रंथालयात आहे, ज्यांना बाईंचं पुस्तक वाचायचं असेल त्यांनी तिथे जावं. निबंधाचं बक्षीसही मी परत करणार नाही.

आता पत्र संपवायचं तर पुन्हा तीच अडचण. ‘कळावे’ लिहिलं की पुढचे दोन शब्द येतात, जे मी पहिल्या पत्रापासून लिहायचे नाकारले. म्हणून घरातल्या जुन्या खाकी कव्हराची एक पट्टी कापून इथे खाली, माझ्या नावाखाली, चिकटवली आहे. खळ स्वतः केली, बाजारची नाही. काढायला जाऊ नकोस, कागद फाटेल. खिडकीपाशी जा आणि उजेडासमोर धर.

पमी